शुगरची गोळी चालू आहे, पण बीपी शेवटचा कधी मोजला?

आपल्या नात्यात, ओळखीत शुगरचा एखादा तरी पेशंट असतोच. अब्बांना असेल, खालाला असेल, नाहीतर मुंबईला नोकरीला असलेल्या चाचांना. त्यामुळे 'फास्टिंग किती आली?' हा प्रश्न आता लग्नाच्या मांडवात आणि एसटीतसुद्धा ऐकू येतो. पण त्याच माणसाला 'बीपी किती आहे?' असं विचारून बघा. बऱ्याचदा उत्तर येतं, "मला बीपीचा काही त्रास नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही."

आजचा लेख या उत्तरासाठीच आहे. बीपी वाढला की त्रास होतोच असं नाही. बहुतेकांना वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही. शिराळ्याचं नाव नागांमुळे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. साप चावला तर आपल्याकडचा माणूस हातातलं काम टाकून दवाखाना गाठतो, कारण धोका डोळ्यांना दिसतो. शुगर आणि बीपी एकाच माणसाला असतील तर तो धोकाही जिवावरचाच आहे, फक्त दिसत नाही. म्हणून या दोन आजारांचं एकमेकांशी नातं काय आहे, ते आम्ही इथं सोप्या शब्दांत सांगतो आहोत.

किती घरांचा प्रश्न आहे?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मदतीने देशभर एक मोठी पाहणी झाली. तिचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये 'लॅन्सेट'च्या मधुमेहविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत, म्हणजे त्यांची शुगर नॉर्मलपेक्षा जास्त आहे, पण अजून मधुमेह म्हणण्याइतकी नाही. याच पाहणीत ३५.५ टक्के प्रौढांचा रक्तदाब वाढलेला आढळला. म्हणजे साधारण दर तीन माणसांमागे एक.

हे दोन गट वेगवेगळे नाहीत. टाइप २ मधुमेह असलेल्या निम्म्याहून जास्त लोकांना पुढे-मागे बीपीही होतो. ज्यांना आधी बीपी असतो, त्यांना शुगर होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. म्हणून एक आजार सापडला की दुसरा शोधायलाच हवा.

दोन्ही एकत्र का येतात?

वारणेच्या पाण्यावर ऊस करणाऱ्या माणसाला हे लगेच कळेल. मोटार, पाइप आणि पाणी डोळ्यांसमोर आणा. पाण्यात खत जास्त विरघळलेलं असेल तर ठिबकच्या नळ्या आतून चोंदतात. मोटारीचा दाब जास्त असेल तर जोड फुटतात. आणि दोन्ही एकदम झालं तर नळी फार दिवस टिकत नाही. आपलं हृदय म्हणजे ती मोटार आणि रक्तवाहिन्या म्हणजे त्या नळ्या. शुगर नळीला आतून खराब करते, बीपी तिच्यावर बाहेर ढकलणारा ताण देतो. नुकसान एकाच नळीचं होतं.

आता शरीरात काय होतं ते पाहू. टाइप २ मधुमेहात सुरुवातीला इन्सुलिन कमी नसतं, उलट जास्त असतं. पण पेशी त्याला दाद देत नाहीत. मग शरीर आणखी इन्सुलिन तयार करतं. हे वाढलेलं इन्सुलिन मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतं. मीठ राहिलं की त्याच्याबरोबर पाणीही राहतं, रक्ताचं आकारमान वाढतं आणि दाब चढतो.

दुसरं कारणही मूत्रपिंडातच आहे. रक्त गाळताना खाली उतरलेली साखर मूत्रपिंड परत ओढून घेतं, आणि ती ओढताना मीठही सोबत येतं. रक्तात साखर जास्त असेल तेवढं हे काम वाढतं.

तिसरं कारण म्हणजे रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर. हे अस्तर निरोगी असेल तर नळी गरजेप्रमाणे सैल होते. बरेच दिवस शुगर जास्त राहिली की अस्तर खराब होतं आणि नळी कडक होते. कडक नळीतून तेवढंच रक्त ढकलायला जास्त जोर लागतो.

आणि या सगळ्याच्या मुळाशी अनेकदा असते पोटावरची चरबी. आपल्याकडे हातपाय बारीक आणि पोट तेवढं पुढे, अशी अंगकाठी पुष्कळ दिसते. वजनकाटा ठीक दाखवतो, म्हणून माणूस निश्चिंत असतो. पण भारतीयांसाठी पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटीमीटरच्या वर आणि बाईचा ८० सेंटीमीटरच्या वर गेला की शुगर आणि बीपी दोन्हींचा धोका वाढतो. घरात शिवणकामाची टेप असेलच, आजच मोजून बघा.

फक्त शुगर सांभाळून भागत नाही

ब्रिटनमध्ये मधुमेहावर एक फार मोठा, अनेक वर्षं चाललेला अभ्यास झाला. त्याचा रक्तदाबाविषयीचा भाग १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. शुगर आणि बीपी दोन्ही असलेले १,१४८ पेशंट त्यात होते. एका गटाचा बीपी औषधांनी जास्त काटेकोरपणे खाली ठेवला, दुसऱ्या गटाचा थोडा ढिला सोडला. दोन्ही गटांत फरक किती होता? सरासरी १४४/८२ आणि १५४/८७. म्हणजे वरच्या आकड्यात फक्त दहाचा फरक.

पण साधारण साडेआठ वर्षांनी निकाल बघितला तेव्हा कमी बीपीच्या गटात लकव्याचं प्रमाण ४४ टक्क्यांनी कमी होतं. मधुमेहाशी संबंधित मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी होते. डोळे आणि मूत्रपिंडांसारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अवयवांचं नुकसान ३७ टक्क्यांनी घटलं होतं.

हे आकडे घरातल्या भाषेत सांगायचे तर असे : शुगरच्या पेशंटचा बीपी थोडासा खाली आणला तरी लकवा, अंधत्व आणि डायलिसिस यांपासून पुष्कळ बचाव होतो. म्हणून शुगरची गोळी नेमाने घेणारा आणि बीपी कधीच न मोजणारा माणूस अर्धाच इलाज करतो आहे.

पहिला घाव मूत्रपिंडावर

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. त्या दोन्ही मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं बहुतेक सगळं परत रक्तात सोडतात. शुगर या गाळण्यांची जाळी खराब करते, बीपी त्या जाळीवर जोर टाकतो. मग जे प्रथिन रक्तात राहायला हवं ते लघवीतून गळायला लागतं. त्याला अल्ब्युमिन म्हणतात.

इथं एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. आपण रक्तातलं 'क्रिएटिनिन' तपासतो आणि ते नॉर्मल आलं की खूश होतो. पण मूत्रपिंडाची जवळपास निम्मी ताकद जाईपर्यंत क्रिएटिनिन नॉर्मल दिसू शकतं. लघवीतलं अल्ब्युमिन मात्र त्याच्या कितीतरी आधी सापडतं. म्हणून शुगरच्या प्रत्येक पेशंटने वर्षातून एकदा लघवीची अल्ब्युमिन-क्रिएटिनिन तपासणी करून घ्यावी. ३० च्या आत असेल तर ठीक. त्याच्या वर आली तर ती पुन्हा करून बघतात, आणि तरीही जास्तच असेल तर डॉक्टर औषध बदलतात. त्या वेळी नुकसान थांबवता येतं, निदान लांबवता तरी येतं.

उशीर झाला तर पुढचा रस्ता डायलिसिसचा. आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी साधारण चार तास. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, त्यामुळे उपचाराचा खर्च काही प्रमाणात वाचतो. पण गाडीभाडं, बुडलेली मजुरी आणि सोबत जाणाऱ्या माणसाचा दिवस कुठलीच योजना भरून देत नाही.

हे आकडे लिहून ठेवा

कागदावर लिहून फ्रिजला किंवा कपाटाला चिकटवा.

उपाशीपोटी शुगर १२६ किंवा जास्त, ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त, किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ६.५ किंवा जास्त, तर मधुमेह. त्रास काही नसेल तर एका तपासणीवर ठरवत नाहीत, दुसऱ्यांदा खात्री करतात.

बीपी वेगवेगळ्या दिवशी मोजून १४०/९० किंवा जास्त येत असेल तर उच्च रक्तदाब. दोनपैकी एकच आकडा वाढला असेल तरी तो वाढलेलाच.

ज्याला शुगर आहे त्याने बीपी साधारण १३०/८० च्या आत ठेवायचा असतो. फार वयस्कर किंवा अशक्त माणसासाठी डॉक्टर हा आकडा थोडा सैल ठेवतात.

बीपी मोजायचीही पद्धत आहे. जिना चढून, धापा टाकत आलात आणि लगेच हात पुढे केला तर आकडा चुकीचा येणार. आधी पाच मिनिटं शांत बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, मिश्री काही नको. लघवी अडवून बसू नका. मोजताना बोलू नका. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा आणि तारखेसह वहीत लिहा. डॉक्टरला एका आकड्यापेक्षा ही वही जास्त सांगते.

ताटात काय बदलायचं?

शुगर म्हटलं की सगळ्यांचं लक्ष साखरेकडे जातं. बीपीसाठी तेवढंच लक्ष मिठाकडे हवं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा असं सांगते, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. भारतात प्रौढ माणूस सरासरी ८ ग्रॅम खातो, असं राष्ट्रीय पाहणीत दिसलं आहे.

हे मीठ फक्त भाजीत नसतं. लोणचं, पापड, सुकट-बोंबील, फरसाण, चहाबरोबरची खारी आणि टोस्ट, बेकरीचा पाव, या सगळ्यात ते असतं. बिर्याणीत मीठ असतंच, वर चटणी आणि लोणचं. एकदम सगळं बंद करा असं आम्ही म्हणत नाही. ताटात वरून मीठ घेणं आजपासून बंद करा. लोणचं-पापड रोजचं असेल तर आठवड्यातून एखाद्या वेळेवर आणा. दोन-तीन आठवड्यांत जिभेला कमी मिठाची सवय होते.

आणि गुळाबद्दल. आपला भाग ऊस, गूळ आणि साखर कारखान्यांचा. चिखलीचा विश्वास कारखाना तर आपल्याच तालुक्यातला. त्यामुळे 'साखर बंद केली, आता गुळाचा चहा घेतो' हे घरोघरी ऐकायला मिळतं. शुगरच्या पेशंटसाठी गूळ, काकवी आणि साखर यांत फारसा फरक नाही. गुळातही बहुतांश साखरच असते आणि ती रक्तात तशीच चढते. 'घरचा गूळ आहे' म्हणून ती कमी होत नाही.

ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी, काकडी-कांदा हे आपलंच जेवण दोन्ही आजारांना चांगलं आहे. भाताचा ढीग कमी करा, भाजीचा वाढवा. मटण खायचं तर दोन-चार फोडी, रश्श्यावरचा तेलाचा तवंग काढून. आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास भरभर चाला. शेतात राबणाऱ्याला वेगळ्या व्यायामाची गरज कमी, पण दुकानात, रिक्षात किंवा शिलाई मशीनवर दिवसभर बसणाऱ्याला आहेच.

मिश्रीचं वेगळं सांगायला हवं. सातारा-सांगली भागात अनेक बायका दात घासायचं निमित्त करून दिवसातून चार वेळा मिश्री लावतात. ती भाजलेली तंबाखूच आहे. तिच्यातलं निकोटिन बीपी वाढवतं आणि रक्तवाहिन्या आवळतं. अम्मीला बीपी असेल तर गोळीइतकंच मिश्री सुटणंही महत्त्वाचं आहे.

गोळ्यांबद्दलचे गैरसमज

'बीपी नॉर्मल आला, म्हणून गोळी बंद केली.' बीपी नॉर्मल आला तो गोळीमुळे. बंद केली की तो पुन्हा चढणार, आणि चढल्याचं कळणारही नाही.

'एकदा गोळी लागली की सवय लागते.' ही सवय नाही, गरज आहे. वजन आणि मीठ कमी झालं तर डॉक्टर गोळी कमी करू शकतात. पण ते त्यांनी ठरवायचं.

'शेजाऱ्याला हीच गोळी चालते, मीही तीच घेतो.' हे करू नका. शुगर असलेल्याच्या लघवीतून अल्ब्युमिन जात असेल तर एनालाप्रिल किंवा टेल्मिसार्टन अशा प्रकारची औषधं मूत्रपिंडाचंही रक्षण करतात. पण हीच औषधं गरोदर बाईला चालत नाहीत. आणि ती सुरू केल्यावर क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासावं लागतं.

गुडघेदुखी, कंबरदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज घेऊ नका. त्यांतल्या बऱ्याच गोळ्या बीपी वाढवतात आणि आधीच थकलेल्या मूत्रपिंडाला आणखी मारतात. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉइड घेत असाल तर शुगर आणि बीपी दोन्ही चढू शकतात, म्हणून डॉक्टरला आधी सांगा.

काहींना सजद्यातून उठताना किंवा अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. जुन्या शुगरमुळे नसा कमकुवत झाल्या की उभं राहिल्यावर बीपी एकदम पडू शकतो. मनानेच गोळी बंद करू नका. बसून आणि उभं राहून, दोन्ही वेळचा बीपी मोजायला डॉक्टरांना सांगा.

रमजानचे रोजे

हा प्रश्न दर वर्षी आपल्या घरात येतो. अनेक पेशंट रोजा ठेवायचा म्हणून दिवसाच्या गोळ्या आपल्या मनाने सोडून देतात. शरीयतने आजारी माणसाला सवलत दिली आहे, आणि ज्याला पुढेही रोजे झेपणार नाहीत त्याच्यासाठी फिदयाची सोय आहे. ती सवलत घेण्यात कमीपणा नाही.

ज्यांना डॉक्टर रोजा ठेवायला हरकत नाही म्हणतात, त्यांनी रमजानच्या दीड-दोन महिने आधीच जाऊन गोळ्यांच्या वेळा बदलून घ्याव्यात. काही शुगरच्या गोळ्या आणि इन्सुलिन उपाशीपोटी साखर फार खाली नेतात. बीपीच्या ज्या गोळ्यांनी लघवी जास्त होते, त्यांनी दुपारपर्यंत अंगातलं पाणी कमी पडू शकतं. म्हणून कुठली गोळी सहेरीला आणि कुठली इफ्तारला, हे ठरवून घ्यायलाच हवं.

रोज्यात शुगर तपासत राहा. बोटातून थेंबभर रक्त काढल्याने रोजा तुटत नाही, असंच उलमा सांगतात. शुगर ७० च्या खाली गेली, ३०० च्या वर गेली, किंवा हातपाय कापणं, घाम, गोंधळल्यासारखं होणं असं काही झालं तर रोजा सोडा. घरच्यांनीही अशा वेळी आग्रह धरू नये. सहेरीला लोणचं-पापड टाळा, त्याने तहान आणि बीपी दोन्ही वाढतात. इफ्तारला एक-दोन खजूर आणि पाणी पुरे. सरबत, भजी आणि शीरखुर्मा एकाच बैठकीत नको.

तपासणी कुठे करायची?

शासनाच्या कार्यक्रमात तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची शुगर आणि बीपी मोफत तपासतात. आशाताई घरी फॉर्म भरायला येतात तेव्हा 'आम्हाला काही नाही' म्हणून त्यांना परत पाठवू नका. गावातलं उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि शिराळ्याचं सरकारी रुग्णालय इथं तपासणी होते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. पुढच्या तपासण्या लागल्या तर मिरज-सांगलीची सरकारी रुग्णालयं आहेत.

हे होऊ शकतं याचा दाखला शेजारीच आहे. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या मोजक्या जिल्ह्यांत सातारा होता. त्यातली पद्धत साधी होती : ठरलेली थोडीच औषधं, ती जवळच्या केंद्रात मिळतील याची सोय, आणि पेशंट पुन्हा आला नाही तर त्याची चौकशी. या उपक्रमाला २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला.

घरातल्या बायकांची तपासणी मात्र सगळ्यात शेवटी होते. ज्यांना गरोदरपणात शुगर किंवा बीपी वाढला होता, त्यांना बाळंतपणानंतर तो गेला तरी पुढे दोन्ही आजारांचा धोका जास्त असतो. त्यांनी दर वर्षी तपासून घ्यावं. अब्बांना दवाखान्यात नेताना अम्मीलाही सोबत न्या, आणि केसपेपर दोन काढा.

आमची जमातींनाही एक विनंती आहे. हाताच्या दंडाला बांधायचं बीपीचं मशीन फार महाग नसतं. ते मशिदीच्या कार्यालयात ठेवून महिन्यातून एका जुम्म्याला नमाजनंतर मोजायची सोय केली, मोहल्ल्यातल्या बायकांसाठी मदरशात किंवा एखाद्या घरी वेगळी वेळ ठेवली, आणि ज्यांचा आकडा जास्त आला त्यांना आरोग्य केंद्रात पाठवलं, तर एखाद्या घरचा कमावता माणूस लकव्यापासून वाचू शकतो.

या आठवड्यात एवढंच करा. घरात ज्यांना शुगर आहे त्यांचा बीपी मोजून घ्या, ज्यांना बीपी आहे त्यांची शुगर तपासा, आणि दोन्ही असलेल्यांनी लघवीचं अल्ब्युमिन बघून घ्या. तीनही आकडे एका वहीत लिहा आणि पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना ती वही सोबत न्या.